परत आलेला फॉर्म

पाचगाव रस्त्यावरच्या त्या बंगल्याचा फॉर्म दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा दीपा उपाध्येनं खुर्चीतच डोळे मिटून घेतले. शहरात किती पेट्रोल, वीज आणि गॅस जळतो, त्यातून किती कार्बन हवेत जातो, याचा अहवाल एक संस्था तयार करत होती. दीपा तिथं कंत्राटी पाहणीदार. फॉर्मवर साहेबांनी, म्हणजे गणपतरावांनी, लिहिलं होतं : 'एका घरात एवढं सगळं? खात्री करा.'

"केली की सर, दोनदा."

"मग तिसऱ्यांदा करा. आठ माणसांत दोन मोटारी, पाच दुचाक्या, तीन फ्रीज. कोण विश्वास ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच ती बंगल्यावर पोचली. घराचे मालक आकाराम पायरीवर चहा पीत बसले होते.

"आलासा व्हय ताई? आता काय ऱ्हायलं इचारायचं?"

"तेच सगळं परत, काका. तीस वर्षांपूर्वी या घरात माणसं किती होती?"

"आठ. आई, बा, आमी दोघं भाऊ, दोघांच्या बायका, माजी पोरं सम्राट आनि राजवीर. हितं भाताचं शेत हुतं, कडंला खोपटावाणी घर, एक चूल आनि एक सायकल. भाऊ गेला गारगोटीला, म्हातारी मानसं गेली, माझी बायको गेली. आता दोन पोरं, दोन सुना, तीन नातवंडं आनि मी. परत आठच. मानूस एक वाढला न्हाय."

शेताचे प्लॉट पडले होते. सम्राटचा कारखाना चालला होता, राजवीर बँकेत वर चढला होता.

बोलता बोलता सम्राटची गाडी पोराला घेऊन शाळेला निघाली. दहा मिनिटांनी राजवीरची निघाली. मागच्या सीटवर दोन पोरं, तोच गणवेश. दीपाला राहवलं नाही.

"एकाच शाळेत जातात ना? मग दोन गाड्या कशाला?"

वरच्या गॅलरीतून सम्राटची बायको मोना म्हणाली, "त्यांची पोरं कधी येळेवर निघत्यात? आमच्या पोराची हजेरी बुडाली तर?"

खालच्या मजल्यावरून राजवीरची बायको वर्षाराणी बाहेर आली. "उशीर आमी करतो व्हय? पार्किंग कुणी अडवलंय ते पण सांगा की ताईंना."

मग पार्किंगवरून पाण्याच्या टाकीवर आणि टाकीवरून कुणाच्या तरी बारशावर विषय गेला. दीपा मधोमध उभी. तिला फॉर्ममधला पुढचा प्रश्न विचारायचा होता, तो कुणी ऐकेना.

"हे असं हाय," आकाराम हळूच म्हणाले, "दोघींची सैपाकघरं वायली, म्हनून मी बी गच्चीवर वायली शेगडी मांडलीया. लाइटीवरची. ल्हान फ्रीज बी हाय."

"वेगळं जेवता?"

"दोन वर्सं झाली."

दीपानं पिशवीतून आणखी दोन कोरे फॉर्म काढले. एका दारामागं तीन घरं होती, आणि दीपा गेले दोन महिने त्यांना एका रकान्यात कोंबत होती.

ऑफिसात पोचेपर्यंत मोनाचा तक्रारीचा फोन येऊन गेला होता. "भांडणं लावायला पाठवलं न्हवतं तुम्हाला," गणपतराव म्हणाले. त्यांच्यापुढं अहवालाचा मसुदा होता. पहिल्याच पानावर वाक्य होतं : कार्बन वाढण्याचं मुख्य कारण लोकसंख्यावाढ.

"सर, त्या घरात एकही माणूस वाढलेला नाही."

"एका घरावरनं शहर ठरत न्हाई."

दीपा जागेवर गेली. संध्याकाळपर्यंत तिनं आपल्या भागातले सगळे फॉर्म परत मोजले. तीस वर्षांत माणसं थोडीच वाढली होती. स्वयंपाकघरं जवळजवळ दुप्पट झाली होती. आणि हातात पैसा आला, शहर पसरत गेलं, तशा गाड्या चौपट. आकड्यांचा कागद तिनं गणपतरावांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"मसुदा छापायला गेलाय, दीपा. तळटीप घालू."

"तळटीप कोण वाचतं सर?"

गणपतरावांनी छापखान्याला फोन लावला, छपाई चार दिवस पुढं जाईल म्हणून तिकडचं बोलणं ऐकून घेतलं, आणि फोन ठेवून त्रासून म्हणाले, "पहिलं पान तुम्हीच लिहा परत. पण त्या बंगल्यात आता जाऊ नका."

दीपाला तशी हौस नव्हतीच. तिनं कोरा कागद ओढला आणि लिहायला बसली.