एका बुडाशी एकच पील

चोपड्याकडच्या त्या गावाला 'हवाई' हा शब्द दोनच ठिकाणचा ठाऊक होता, हवाई दल आणि हवाई जहाज. त्यामुळे हिलाल पाटलाचा थोरला मुलगा पितांबर केळीच्या रोगांवर शिकायला हवाईला गेला, तेव्हा निम्म्या गावाने तो विमान चालवायला गेला असंच धरलं. ती समुद्राच्या मधोमध असलेली अमेरिकेची बेटं आहेत, तिथंही आपल्यासारख्या केळीच्या बागा आहेत, हे हिलालने पारावर चारदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

तिसऱ्या वर्षी पितांबर तिथेच वारला. खडकावर उभा असताना लाटेने ओढून नेलं. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या जळगावच्या निर्मलकुमारने अग्नी दिला आणि अस्थी पाठवल्या. हिलालने त्या तापीत सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी केळीला पाणी द्यायला गेला. रडला नाही. लोक म्हणाले, छाती मोठी आहे. छातीबिती काही नव्हती. आत नुसतं बधिर होतं, दाढ काढताना सुई टोचल्यावर गाल होतो तसं, आणि ते दोन वर्षं उतरलं नव्हतं.

ब्याण्णव साली तिकडून पत्र आलं. पितांबर दर रविवारी एका जुन्या बागेत कामाला जायचा, तिथं त्याच्या नावाची पाटी बसवायची होती. सोबत बापाचं तिकीट. निर्मलकुमारचे वडील भंवरलालजी यांचं जळगावात बियाण्याचं दुकान होतं, त्यांनी पासपोर्टची धावपळ केली. हिलालला जायचंही नव्हतं आणि नाही म्हणायचा जोरही नव्हता.

निघताना बायको, भिकुबाई, दारात उभी राहिली.

"त्याना मनमा राग व्हता का, इतलंच इचारी या," ती म्हणाली. "मले दुसरं काहीच नको."

कसला राग ते दोघांनाही पक्कं माहीत होतं. मरायच्या तीन महिने आधी पितांबरने लिहिलं होतं, शिक्षण संपलं की घरी येतो, शेतीच करतो. तोवर हिलालने शेत धाकट्या निंबाच्या हवाली केलं होतं. त्याने निंबालाच समोर बसवून उत्तर लिहायला सांगितलं, "एक बुडले एकच पील ऱ्हास, भाऊ. तू तठेच रूज." केळीच्या बुडाशी पाचसहा पिलं फुटतात. शेतकरी एक धरतो, बाकीची कापतो, नाहीतर घड भरत नाही. हे काही दुष्टाव्याने लिहिलं नव्हतं. हिशेबी बापाला जे शहाणपण सुचतं तेच सुचलं होतं. त्या पत्राला उत्तर आलंच नाही.

विमानतळावर निर्मलकुमार घ्यायला आला. कुणीतरी हिलालच्या गळ्यात पांढऱ्या फुलांचा हार घातला. गावी असा पांढरा हार मेलेल्याच्या फोटोला घालतात. हिलालने तो संध्याकाळपर्यंत काढला नाही, काढायचं सुचलंच नाही.

बाग डोंगराच्या पोटात होती. दगड रचून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात पाणी खेळवलेलं, त्यात अळू. वरच्या अंगाला काळ्या दगडांचा मोठा ओटा, ते त्यांचं जुनं देवस्थान. तिथं पाय ठेवायचा नाही, असं निर्मलकुमारने सांगितलं आणि हिलालने लांबूनच हात जोडले. बाग सांभाळणारी बाई साठीची, अंगाने भरलेली, अनवाणी. सगळे तिला आंटी म्हणत. हिलालने आपल्यापुरतं अक्का म्हटलं. तिने एकेक झाड हात लावून दाखवलं. ही सगळी तिच्या पूर्वजांनी होड्यांतून आणलेली, केळीचे कंदसुद्धा. पूर्वी इथल्या बायकांना केळी खायची बंदी होती, खाल्ली तर जीव घेत. गावी निम्म्या घडांच्या पाट्या भिकुबाईच्याच डोक्यावरून निघायच्या. तिच्यापुढे हे कुणी बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती.

अळूपाशी आंटी थांबली. त्यांच्या मूळ आईबापांचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते पुरलं तिथं हे अळू उगवलं. माणूस नंतरचा. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ, धाकट्याने त्याला जपायचं. निर्मलकुमारने हे मराठीत सांगितलं आणि आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येताच पुढे चालायला लागला. हिलालने मान हलवली. रेडिओवर दुसऱ्याच गावचे बाजारभाव ऐकावेत तसं त्याने ते ऐकलं.

पुढे केळीची रांग होती. रांग कसली, रान. एकेका बुडाशी सातआठ पिलं, कुणी कमरेएवढं, कुणी टाचेएवढं. आंटी आणि निर्मलकुमार पाटी कुठं बसवायची ते बघत होते. बांधावर कोयता पडलेला होता. जित्याची खोड म्हणतात ती ही. हिलालने तो उचलला, बसला, आणि चांगलं जोमाचं एक पील धरून बाकीची सपासप जमिनीलगत कापायला लागला. दोन बुडं झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा हाताला कळत होतं काय करायचं ते.

आंटी धावत आली. ओरडली नाही. कापलेलं एक पील उचलून हळू आवाजात काहीतरी बोलली. निर्मलकुमार खाली बघायला लागला.

"सांग," हिलाल म्हणाला.

"नाना, राहू द्या ना."

"सांग."

"ही त्याचीच रांग आहे. पितांबर एकही पील कापू द्यायचा नाही. म्हणायचा, घरी माझा बाप एकच ठेवतो. इथं सगळी राहू द्या."

हिलालने कोयता खाली ठेवला. "कधीपासून म्हणायचा?"

"तुमचं पत्र आल्यानंतर."

"रागाने म्हणायचा का? तिला विचार."

निर्मलकुमारने विचारलं. आंटीने बराच वेळ आठवून सांगितलं.

"हसून म्हणायचा म्हणते. पण दर रविवारी म्हणायचा."

पाटी बसली, टाळ्या झाल्या, हिलाल खुर्चीवर बसून राहिला. निघायच्या दिवशी, आठ दिवसांनी, तो निर्मलकुमारला घेऊन पुन्हा बागेत गेला. कापलेल्या प्रत्येक बुंध्याच्या मधोमध गुंडाळलेलं कोवळं पान बोटभर वर आलं होतं. त्याला त्यात नवल नव्हतं. नुसतं कापून पील मरत नाही, हे केळीवाल्याच्या पोरालाही माहीत असतं. म्हणून गावी कापल्यावर वरून रॉकेल ओततात, मग ते पुन्हा डोकं काढत नाही. पितांबरला त्याने दूर शिकायला पाठवलं, ते नुसतं कापणं होतं. ते पोर परत फुटून घराकडे येत होतं. रॉकेल ओतलं ते पत्राने. हिलालला हे इतकं स्वच्छ कळलं, आणि तरी डोळे कोरडेच राहिले.

घरी पोचला तेव्हा भिकुबाईने पाय धुवायला पाणी दिलं. निंबा शेतात होता. मग तिने विचारलं.

"इचारं का?"

वाटेत, विमानात, रेल्वेत, एस्टीत त्याने एकच उत्तर घोकलं होतं, राग नव्हता, हसून बोलायचा. म्हातारीला तेवढंच पुरलं असतं.

"व्हता," हिलाल म्हणाला.

भिकुबाई उंबऱ्यावर टेकली. तिने पदराने तोंड पुसलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"मंग तो शेवटलोंग आपलाच व्हता," ती म्हणाली. "परका माणूसवर कोन राग धरस?"

हिलालच्या हातातला तांब्या खाली पडला. पाणी ओट्यावर पसरलं. त्यातच तो बसला आणि मोठ्याने रडायला लागला. भिकुबाईने त्याला रडू दिलं.