बाबांच्या मापाचा हातपट्टा

मित्रांनो, मी एक जुना हातपट्टा आहे. जुना म्हणालो खरा, पण मी वापरून झिजलेलो नाही. नुसता पडून पडून जुना झालो. विद्यापीठाच्या मोठ्या दालनात, काचेच्या कपाटात मी असतो. येणारेजाणारे माझं तोंडभरून कौतुक करतात आणि माझा जीव तुटतो.

मला एका विद्यार्थिनीने घडवलं. तिचे वडील शिंपी होते. पोर काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून ते तिला टाचणी म्हणत. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि कात्री सुटली. टाचणीने ओल्या प्लॅस्टरमध्ये त्यांच्या हाताचा ठसा घेतला आणि प्रयोगशाळेत त्या मापाने मला बनवलं. चामड्याचा पट्टा, आत स्प्रिंगा, अंगठ्यापाशी छोटासा बाक. लुळ्या बोटांना जोर देऊन कात्री चालवायची, एवढंच माझं काम. बाबांनी घरी एक निळं कापड घडी घालून ठेवलं होतं. हात चालू लागला की पहिला कुर्ता टाचणीसाठीच बेतायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. स्क्रू आवळता आवळता ती हे मला सांगायची, तेव्हा मला कधी एकदा कात्री धरतो असं व्हायचं.

विद्यापीठात एक हक्क विभाग होता. विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी लावलेले शोध तो विभाग सांभाळायचा. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याने पेटंटचा अर्ज करण्याआधीच आपलं यंत्र प्रदर्शनात मांडलं होतं आणि त्याचं पेटंट हातचं गेलं होतं. त्यामुळे विभागाच्या बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "अर्ज दाखल होईपर्यंत तोंडाला कुलूप. कुणालाही दाखवायचं नाही."

टाचणीने ते शब्द गाठीला बांधले. अर्ज रखडत गेला.

एके दिवशी बाबा स्वतःच प्रयोगशाळेत आले. त्यांच्या काठीचा आवाज ऐकताच टाचणीने मला घाईघाईने खणात सरकवलं.

"नुसता घालून बघतो गं," बाबा म्हणाले. "कुणाला सांगत नाही."

"बाबा, थोडी कळ काढा. अर्ज गेला की पहिला तुमच्याच हातात."

"बरं बाई. तुझा अभ्यास, तुला ठाऊक."

काठीचा आवाज दूर गेला. ज्या हातासाठी मी जन्मलो, तो एका फळीपलीकडे होता, मित्रांनो. मला हाक मारता येत असती तर!

अर्ज जायच्या आतच बाबांना दुसरा झटका आला आणि ते गेले.

त्यानंतर टाचणी मला घेऊन हक्क विभागात सही करायला गेली. बाईंनी मला उलटसुलट पाहिलं. "किती सुबक झालाय! वडिलांच्या हाताला कसा बसला?"

"त्यांना दिलाच नाही. कुणालाही नाही, म्हणाला होतात ना?"

बाईंचा चेहरा उतरला. "अगं, घरच्या माणसाला विश्वासात घेऊन द्यायला हरकत नव्हती. बाहेर बोलू नका, एवढं सांगितलं असतंस की झालं असतं. मला एकदा विचारायचंस तरी!"

"विचारता येतं, हे ठाऊक नव्हतं," टाचणी म्हणाली. मग टेबलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. 

पेटंट मिळालं. माझ्यासारखे कितीतरी पट्टे आता तयार होतात आणि लोकांचे हात चालवतात. त्याचा मला आनंदच आहे. टाचणी आता इथेच शिकवते. कधी कधी ती कपाट उघडते आणि मला आपल्या हातावर चढवून बघते. मी तिला फार सैल होतो.

मित्रांनो, तुम्हीही काहीतरी शोधाल. तो शोध नीट जपा. पण कुलूप लावण्याआधी, ते कुणासाठी उघडता येईल, एवढं जरूर विचारा. माझ्याखाली अंथरलेलं निळं कापड पाहुण्यांना शोभेचं वाटतं. त्याला अजून कात्री लागलेली नाही.