डीकन भरदुपारी आला

"बग्गी मागच्या बाजूला लावा, ॲटलीभाऊ," सलोमा दारातूनच म्हणाली. "डीकन आला म्हटलं की शेजारच्या खिडक्या उघडतात."

ती हसली, पण हातातलं फडकं पिळतच राहिली. आमच्या ख्रिस्ती पंथात माझ्यासारखा डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, भरदुपारी कुणाच्या अंगणात उतरतो तो दोनच कामांसाठी. मंडळीतर्फे समज द्यायला, नाहीतर गुपचूप कुणाची मागणी घालायला. बावन्न वर्षांच्या विधवेच्या मनात मागणीचा विचार आलाच नाही.

"त्या ईनोसनं धाडलं ना तुम्हाला?"

"हो."

"वाटलंच. माझ्या टर्की त्याच्या छपरावर बसतात, हेच ना? छप्पर उबदार आहे हो त्याचं. माणूसच तेवढा थंड."

शेजारचा ईनोस ट्रॉयर आणि ती, अकरा वर्षं असंच चाललं होतं. त्याच्या गाई हिच्या कोबीत, हिच्या टर्की त्याच्या छपरावर. उपासनेनंतर दोघं एकमेकांना टोमणे मारत आणि बाकीचे हसत. त्यातच त्या विधुराचा जीव कधी गुंतला, ते त्यालाही कळलं नसावं.

"टर्कींचं नाही, सलोमा. गोष्ट मोठी आहे. बस जरा."

इथं माझं चुकलं. मी हसून बोलायला हवं होतं.

ती बसली नाही.

"म्हणजे फाटकाचं कळलं त्याला," ती म्हणाली. "त्याच्या कुरणाचं फाटक मीच उघडलं होतं. माझा सगळा कोबी खाल्ला होता गाईंनी. म्हटलं, पळू दे याला सकाळी त्यांच्यामागं. ओल्या गवतात शिरतील असं मनातसुद्धा नव्हतं."

सहा वर्षांपूर्वी त्या सकाळी क्लोव्हरचं ओलं गवत खाऊन ईनोसच्या चार गाई पोट फुगून मेल्या होत्या. फाटक आपल्या धाकट्या भावानं, लीवायनं उघडं टाकलं असं समजून ईनोसनं त्याला घराबाहेर काढलं. लीवाय 'मी नाही, मी नाही' म्हणतच गेला. सहा वर्षांत त्याचं एक पत्र नव्हतं.

"सलोमा," मी म्हणालो, "मी मागणी घेऊन आलोय. ईनोसची, तुझ्यासाठी."

हातातलं फडकं तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

"फाटकाचं मी काही ऐकलंच नाही असं समज हवं तर," मी म्हणालो. डीकननं असं बोलू नये.

"आणि रोज त्याच्या समोर जेवायला बसू कशी मी?"

काळी टोपी घालून ती एकटीच ईनोसकडे गेली. तासाभरानं परतली.

"क्षमा केली," ती म्हणाली. "लगेच. मला गुडघे टेकूसुद्धा दिले नाहीत."

"आणि मागणीचं?"

"लीवायला पत्र लिहायला बसलाय. पाठवायचं कुठं, ते मला विचारत होता." तिनं टोपीच्या गाठीला हात घातला. "मागणीचं त्यानं काही काढलं नाही."

हनुवटीखालची टोपीची गाठ तिला सुटेना. घोड्याकडे बघून येतो म्हणून मी बाहेर गेलो. घोड्याला काही झालं नव्हतं.