रोलरने पाहिलेली शिक्षा

मी एक जुना दगडी रोलर आहे. मित्रांनो, मला बघून तुम्ही म्हणाल, हा ठोंब्या काय सांगणार? खरं आहे. आता मला बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

एका पाथरवटाने मला छिन्नीने गोल घडवलं आणि पोटातून लोखंडी दांडा आरपार घातला. माझी नेमणूक एका मोठ्या क्रीडांगणावर झाली. मी धावपट्टी सपाट करायची आणि तिच्यावरून दुसऱ्यांनी पळायचं. टाळ्या त्यांना, चिखल मला. तिथेच एक धावपटू नावारूपाला आला. शर्यत जिंकला की तो मला टेकून बसायचा. त्याच्या यशात आपलाही थोडा वाटा आहे, असं मला उगाच वाटायचं.

पुढे इंजिनाचा रोलर आला आणि मला तुरुंगाच्या मैदानावर धाडलं. तुरुंगात जायला माणसाला गुन्हा करावा लागतो. मला नुसतं म्हातारं व्हावं लागलं.

तिथे कैदी मला दोराने ओढत. एके दिवशी दोर खांद्यावर घेतलेला माणूस ओळखीचा निघाला. आमचा धावपटूच! जिंकल्याच्या आनंदात दारू पिऊन त्याने गाडी सुसाट हाणली होती आणि सायकलवरून चाललेल्या एका इस्त्रीवाल्याला उडवलं होतं. तो बिचारा जागीच गेला. धावपटूला पाच वर्षांची शिक्षा झाली.

"पाच वर्षांनी माझ्या पायांत काय राहणार?" तो सोबतच्या कैद्याला म्हणायचा. "तोवर संपलो मी." चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळते, एवढीच त्याची आशा होती. म्हणून तो इतरांना पळायला शिकवायचा आणि हवालदाराच्या शब्दाबाहेर जायचा नाही.

मैदानापलीकडे शिपायांची घरं होती. इस्त्रीवाल्याच्या बायकोने नवऱ्याचं काम हाती घेतलं होतं. शिपायांच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती मैदानाच्या कडेने जायची. धावपटूने तिला कोर्टात पाहिलं होतं. ती दिसली की तो मान खाली घालून मला जरा जास्तच जोरात ओढायचा.

एकदा तिने हवालदाराला विचारलं, "दादा, हा कधी सुटायचा?"

"वागणूक चांगली आहे त्याची, ताई. निम्मी शिक्षा तरी माफ होईल."

"आणि माझी किती होईल?"



धावपटूने ते ऐकलं आणि तो जागच्या जागी थांबला. मैदानावर नुकतंच पाणी मारलं होतं. ओल्या मातीवर रोलर उभा ठेवायचा नसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी तो हलेना. मी रुतत गेलो.

"अरे, ओढ की! खड्डा पडतोय!" सोबतचा कैदी ओरडला.

मला बाहेर काढताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. हवालदाराने मात्र तिकडे काणाडोळा केला. "माझ्या हातून झालं असतं, तर माझी सूट गेली असती," तो कैदी पुटपुटला.

धावपटू दोन वर्षांतच सुटला. जाताना तो मैदानाच्या कडेला तिची वाट बघत उभा राहिला.

"ताई, मी जाऊ?"

"आत घातलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही, सोडतानाही नाही. आता तुम्ही कशाला विचारता? जा."

त्याने गाठोड्याला हात लावला. ती मागे सरकली.

"राहू द्या. उद्या कोण येणार आहे?"

तो गेला. आता तो पुन्हा शर्यती पळतो, असं शिपाई बोलतात. ती अजून रोज इथूनच जाते. मला फार वाईट वाटतं, पण दगडाला हात कुठून आणायचे?

मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझा दांडा गंजला तर गंजू द्या. पण तुमच्या वाटेवर असं ओझं घेऊन कोणी चाललेलं दिसलं, तर हात लावा. आणि एकदा लावलात, तर दुसऱ्या दिवशीही या.