कुमुदचं बोलावणं

“आत्या, हे तू लिहिलंयस?” अजेयने फोन तिच्या नाकासमोर धरला.

कुमुदने चष्मा लावला. कुणाच्या तरी लडाखच्या मोटारसायकल प्रवासाचा लेख होता आणि त्याखाली टिप्पणी: ‘प्रवासवर्णन शेवटपर्यंत वाचले. खिंडीतला प्रसंग वाचून छातीत धस्स झाले. वाहन जपून चालवावे. आमच्या ब्लॉगवर नव्या पोफळीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आल्याची हकिकत आहे. जरूर येणे.’ खाली तिच्या ब्लॉगचा पत्ता.

“मीच. का रे, पत्ता चुकला की काय?”

“चुकला असता तर बरं झालं असतं. आणि हे? शेअर बाजारावरचा लेख. ‘मला यातले काहीही कळले नाही, तरी शेवटपर्यंत वाचले. आमच्याकडे येणे.’ आणि ही कविता बघ. बाईंनी स्वतःच्या घटस्फोटावर लिहिलीय. तू खाली काय लिहितेस? ‘दुसरे कडवे फार खरे वाटले. वेळेवर जेवत जा. आमच्याकडे येणे.’”

“मग? जेवत नसणारच ती. कडव्यावरून कळतं.”

अजेयने डोळे मिटून घेतले. तो ठाण्याला प्राध्यापक होता आणि नेतृत्वगुणांवर ब्लॉग लिहीत असे. अशा माणसाला आत्या असणं अवघडच.

प्रकरण वाढलं होतं. मराठीतल्या चारेकशे ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारी एक यादी होती. ती खारघरचा हर्षद चालवायचा. यादीत नाव नसलेला ब्लॉग म्हणजे बंद खोलीतलं भाषण. कुमुदला रोजचे चौदा वाचक मिळत, ते या यादीतूनच. (त्यांत अजेय आणि त्याचे वडील, म्हणजे कुमुदचे दादा, धरलेले नाहीत. त्यांनी तो ब्लॉग उघडलाच नव्हता.) हर्षदने ‘टिप्पणीतले फेरीवाले’ असा लेख लिहून कुमुदच्या तीन टिप्पण्या नमुन्यादाखल छापल्या होत्या. यादीवाल्यांचं वार्षिक संमेलन यंदा नेमकं कुमुदच्या गावी, श्रीवर्धनला होतं. तिथे कुमुदने माफी वाचायची, नाहीतर नाव यादीतून बाद. माफीचा मसुदा अजेयने केला होता. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा होता.

“अनवधान कुठलं? मी चांगली बसून वाचते रे.”

“वाचतेस, मग जाहिरात कशाला करतेस?”

“जाहिरात नाही, बोलावणं आहे ते.”

श्रीवर्धनात बोलावणं करायची रीत आहे. नुसती पत्रिका दारातून सरकवली तर ती धरत नाहीत. घरात जायचं, टेकायचं, पाणी प्यायचं, म्हातारीचे गुडघे आणि मुलाची नोकरी विचारायची, आणि उठताना म्हणायचं, ‘आमच्याकडे येणे करा.’ आधीच म्हटलं तर आगाऊपणा, न म्हणता उठलं तर माज. भावंडांत बिनलग्नाची एकटी कुमुद, त्यामुळे घरच्या दोन मुंजी, चार लग्नं आणि एका साठीशांतीची बोलावणी तिच्याकडेच आली. उरलेल्या वेळात तिने टेलिफोन ऑफिसात एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. स्वतःचं म्हणावं असं कार्य तिच्या घरी कधी निघालंच नाही. मग वादळात सुपारीची वाडी झोपली, तिने नवी रोपं लावली, त्यांच्यावर ब्लॉग लिहायला घेतला. हे तिचं पहिलं कार्य. तेव्हा ती रीतीप्रमाणे दारोदार बोलवायला निघाली, इतकंच. आळी जरा मोठी निघाली.

संमेलन समुद्रावरच्या एका रिसॉर्टमध्ये भरलं. बावीसजण आगरदांड्याहून फेरीबोटीत गाड्या घालून आले होते. दुपारी जेवणानंतर, लोक पेंगायच्या बेतात असताना, हर्षदने माईक घेतला.

“काकी, नो हार्ड फीलिंग्ज. पण लोक मेहनतीने लिहितात आणि तुम्ही त्यांच्या दारात आपलं दुकान मांडता. बरं नाही दिसत. तेवढं वाचून टाका, विषय संपला.”

कुमुद उठली. तिने माफीचा कागद उघडला, मनात वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. माईक तिने घेतलाच नाही. ती पहिल्या रांगेकडे वळली.

“तुम्ही लडाखवाले ना? गुडघा कसा आहे?”

“बराय आता. पण तुम्हाला…”

“सातव्या परिच्छेदात होता.”

शेजारचा गृहस्थ लडाखवाल्याकडे वळून म्हणाला, “तू पडलास? कधी?”

“लिहिलं होतं की,” लडाखवाला म्हणाला.

कुमुद पुढे सरकली. “तुम्ही भार्गवी. आईकडेच आहात अजून?” कवितावाल्या बाईने मान हलवली आणि ती खिडकीबाहेर पाहायला लागली. बरोबरच्या मैत्रिणीला हे नवीन असावं. ती भार्गवीकडे बघतच राहिली.

“काकी, सगळ्यांची विचारपूस नंतर,” हर्षद म्हणाला. “माफीचं बघा.”

“तुमची ती ‘वाचक कसे वाढवावेत’ लेखमाला आहे ना? अकरा भाग. सगळे वाचले. प्रत्येकाखाली एकच टिप्पणी आहे, माझी. नको असतील तर सांगा, अकराच्या अकरा आत्ता काढते.”

कुणीतरी हसलं आणि त्याचा खोकला केला. हर्षदने माईक या हातातून त्या हातात घेतला.

“म्हणजे माफी मागायची नाही?”

“न वाचता बोलावलं असतं तर मागितली असती,” कुमुद म्हणाली. “उद्या सकाळी आठला चहापोह्यांना या सगळ्यांनी. पाखाडीतलं शेवटचं घर. बोर्ड नाही, विचारा कुणालाही.”

संध्याकाळी साडेपाचला तिचं नाव यादीतून गेलं.  घरी परतल्यावर फाटकाशी अजेय म्हणाला, “एक वाक्य वाचायचं होतं, आत्या. झालं, आता तुझ्याकडे कोण येणार?”

“पोहे किती भिजवू, ते सांग.”

“मला विचारशील तर दोघांपुरते.”

तिने चोवीसजणांचे भिजवले.

सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. कमी पडल्या म्हणून दादांकडचं बाकडं आणलं. सव्वाआठला मोठ्या रस्त्याने ओळीने गाड्या गेल्या, दिघीच्या फेरीबोटीच्या दिशेला. एकीचा वेग वळणावर थोडा कमी झाल्यासारखा वाटला. तिथे खड्डा आहे. अजेयने दोन बश्या पोहे खाल्ले आणि तिसरी मागून घेतली.

दहा वाजता हर्षदचा संमेलनाचा वृत्तांत आला. कुमुद रिकाम्या खुर्च्यांमधल्या एकीवर बसली आणि तिने फोनवर तो सावकाश वाचला. सूर्यास्त होता, सुरमईचं जेवण होतं, ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ होतं. तिने खाली लिहिलं:

‘वृत्तांत शेवटपर्यंत वाचला. सूर्यास्त चांगला उतरला आहे. मी माफी मागितली नाही, ते घालायचे राहिले आहे. घालावे.’ त्याखाली ब्लॉगचा पूर्ण पत्ता.

पाच मिनिटांत टिप्पणी काढली गेली. तिने पुन्हा लिहिली. ती दोन मिनिटांत गेली.

“सोड ना आत्या,” अजेय म्हणाला. “खुर्च्या आत घेऊ का?”

“असू देत,” ती म्हणाली, आणि पहिल्या शब्दापासून परत लिहायला लागली.