मागच्या रांगेतलं पीस

माझ्या नवऱ्यानं, ऑर्लिननं, बुटांचा जुना खोका जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि लाकडी पिसं खडखडत सगळीकडे पसरली. मी पलीकडे बटाट्याचे लेफ्से, नॉर्वेकडच्या पातळ पोळ्या, लाटत होते. हात पिठानं भरले होते, पण डोळे मोकळे होते. आमच्या लेकीचं, जोलीनचं, पिवळं पीस होतं, तिच्या नवऱ्याचं तपकिरी होतं, माझं हिरवं, सुनेचं जांभळं, ऑर्लिनचं निळं. मुलाचं, कर्टचं, लाल पीस मात्र नव्हतं.

मी काही विचारलं नाही. गेले सहा महिने त्या घरात मी हेच करत होते.

आमच्या पडवीत दर थँक्सगिव्हिंगला एक लाकडी टर्की उभी असते. मेपलच्या ओंडक्याची चकती म्हणजे तिचं पोट, फळीतून कापलेली मान आणि मागे शेपटीसाठी भोकांच्या दोन रांगा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, जोलीन पाळण्यात होती तेव्हा, ऑर्लिननं ती केली. खिडक्यांच्या चौकटी बनवायच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस, दाराला पाचर जरी मारली तरी मोजून मारायचा. टर्कीच्या बाबतीत त्याचे नियमही तसेच मापात कापलेले. सणाच्या दिवसापर्यंत टर्की भुंडी. जो येईल त्यानं कोट काढायच्या आधी आपलं नाव लिहिलेलं पीस पुढच्या रांगेत खोचायचं. दुसऱ्याच्या पिसाला हात लावायचा नाही. जोलीन दहा वर्षांची असताना तापानं फणफणलेल्या धाकट्या कर्टचं पीस तिनं प्रेमानं खोचलं होतं, तर या बाबानं ते उपटून काढलं, पोराला गोधडीत गुंडाळून जिन्यावरून खाली आणलं आणि त्याच्याच हातानं खोचून घेतलं. मी तेव्हा तीन दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते.

मागची रांग गेलेल्यांची. माणूस गेलं की ऑर्लिन त्याच्या पिसाचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढतो, लाकूड उघडं करतो आणि ते मागे कायमचं बसवतो. त्याचे आईवडील, भाऊ हार्लन आणि माझी आई, अशी चार पिसं तिथं आहेत. चर्चला जाणारे लोक आमच्या घरावरून जाताना गाडी हळू करतात आणि शेपटी वाचतात. कोण आलं, कोण नाही, सगळं गावाला कळतं. यंदा तीन रविवार चर्चमधली बर्निस मला विचारत होती, कर्ट येणार ना गं, बाळाला घेऊन? मी म्हणायची, बघू.

आता खरं काय ते सांगते. वसंतापासून ऑर्लिन विसरायला लागला होता. करवतीचं यंत्र चालू ठेवून जेवायला येऊन बसायचा. मग मेमध्ये डाव्या तर्जनीचं टोक गेलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरनं आधी बोट पाहिलं, मग त्याला आजचा वार विचारला, आणि मग मला बाजूला बोलावलं. घरी आल्यावर मी कर्टला फोन केला. म्हटलं, शनिवारी हा न्हाव्याकडे जाईल तेव्हा ये आणि ते यंत्र ट्रकमध्ये टाकून घेऊन जा. आणि हे माझं नाव न घेता कर.

पोरगा आला. यंत्र ट्रकवर चढत असतानाच ऑर्लिन परत आला. पुढचं मला अजून ऐकू येतं. "माझ्या घरात चोरी करतोस? ते घेऊन गेलास तर पुन्हा ही पायरी चढायची नाही." कर्टनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत मी होते, हातात ताटली आणि पुसायचं फडकं. मी ती ताटली पुसत राहिले. कर्टनं मान खाली घातली, ट्रक सुरू केला आणि गेला. माझं नाव त्यानं आजतागायत घेतलं नाही. सप्टेंबरात त्याला मुलगी झाली. मी एकटी जाऊन पाहून आले. आजोबाला विचारलं तर म्हणाला, गुडघा दुखतोय. आई म्हणवणारी मी, पोराला पुढे करून मागे लपले. लाज वाटते सांगायला, पण तसंच आहे ते.

लेफ्से संपले तसे मी हात धुतले आणि गॅरेजमध्ये गेले. जिथं यंत्र होतं तिथं सिमेंटवर चौकोनी डाग उरला होता. ऑर्लिन त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता आणि खिशातल्या चाकूनं काहीतरी तासत होता. पायाशी बारीक ढलप्यांचा ढीग पडला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. बोटभर पीस होतं, इतकं लहान त्यानं आजवर केलं नव्हतं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, मॅरन. नातीचं नाव. अक्षरं वाकडी होती, पण एकही चुकलेलं नव्हतं.

"किती दिवस करतोयस हे?" मी विचारलं.

"बरेच. यंत्रावर दहा मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. त्यात टोमणा होता, आणि तो बरोबर जागी लागला.

मी म्हटलं, दोन महिन्यांचं पोर, चाळीस मैल स्वतः गाडी चालवत येणार आहे का? तो तासतच राहिला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. उद्या त्याला सांगितलं आणि परवा तो विसरला, तर ते सांगणं कुठे जाणार?

"ऑर्लिन, यंत्र मी न्यायला लावलं. कर्टला मीच फोन केला होता."

चाकू थांबला नाही. "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"त्या दिवशी टोपी विसरली म्हणून दारातून परत फिरलो होतो. तू बोलत होतीस फोनवर. सगळं ऐकलं. म्हणून तर शनिवारी न्हाव्याकडे गेलोच नाही, कोपऱ्यावर गाडी लावून बसलो."

मला आधी रडू आलं आणि मग संताप आला. म्हटलं, अरे, मग त्या पोराला का पाण्यात पाहिलंस? सहा महिने!

त्यानं पीस वर धरलं, एका डोळ्यानं कड पाहिली. "तो चाळीस मैलांवर राहतो. त्याच्यावर रागावता येतं. तुझ्यावर रागावून मी राहू कुठे, अर्डिस? माझ्या गोळ्यासुद्धा कुठं असतात ते मला ठाऊक नाही."

त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि कर्टचं लाल पीस काढून माझ्या हातात दिलं. ते कोमट होतं. किती दिवस तिथं होतं, हे मी विचारलं नाही. "तूच बोलाव त्याला," तो म्हणाला. "मी नाही बोलणार. माझा शब्द गेला तोंडातून."

मी बोलावलं. फोनवर आधी माफी मागितली, मग कितीला यायचं ते सांगितलं. कर्ट म्हणाला, पाई घेऊन येऊ का, भोपळ्याची, गोड? एवढंच.

गुरुवारी ऑर्लिननं टाय बांधला. म्हणजे मी बांधला, तो उभा राहिला. दुपारी जोलीन आणि तिचा नवरा आले, आपापली पिसं खोचून झाली, आणि मग कर्टचा ट्रक आला. पोरगा पहिल्या पायरीशी येऊन थांबला. एका हातावर बाळ, मागे पाईचं ताट घेतलेली बायको. पायरी चढायची नाही असं बजावलेलं त्याला आठवत होतं. ऑर्लिनला आठवत होतं की नाही, देव जाणे.

"वर ये की," ऑर्लिन म्हणाला. "दार उघडं आहे, घर गार पडतंय."

कर्ट चढला. त्यानं आपलं पीस खोचलं. सुनेनं खोचलं. मग ऑर्लिननं बोटभर पीस बाळाच्या मुठीत दिलं, तिनं घट्ट धरलं, आणि कर्टनं ती मूठ भोकापर्यंत नेली. माझं झालं. घरधन्याचं पीस नेहमी शेवटी, म्हणून सगळे बाजूला झाले.

ऑर्लिन निळं पीस घेऊन टर्कीपुढे उभा राहिला. बराच वेळ तो भोकांकडे पाहत होता. पुढच्या रांगेत मधलं भोक त्याचं, पंचेचाळीस वर्षं त्याचंच. मी जागची हलले नाही, पण मनातल्या मनात ओरडत होते, मध्ये, अरे मध्ये. त्यानं हात लांब केला आणि पीस मागच्या रांगेत, हार्लनच्या शेजारी, नीट दाबून बसवलं. हाताला लागलेली धूळ झटकली.

"झालं. चला जेवायला," तो म्हणाला आणि खुशीत आत गेला.

त्या उघड्या लाकडांत ते एकटं निळं पीस डोळ्यांत खुपत होतं. रस्त्यावरून कोणीही जाता जाता वाचलं असतं. जोलीन पुढे झाली आणि तिनं हात घातला. कर्टनं तिचं मनगट धरलं.

"बाबांचं आहे ते," तो म्हणाला.

जोलीननं हात मागे घेतला. आतून ऑर्लिनची हाक आली, टर्की निवतेय. कर्टनं बाळाला बायकोकडे दिलं, पुढच्या रांगेतलं स्वतःचं लाल पीस उपसलं आणि मागे, बापाच्या पिसाला लागून, खोचलं. मग जोलीननं आपलं काढलं. मग जावई, मग सून. शेवटी मी गेले. मागे एकच भोक उरलं होतं, माझ्या आईच्या पलीकडचं. माझं हिरवं पीस त्यात जरा घट्ट बसलं.

बाळाचं मात्र कोणी हलवलं नाही. आम्ही आत जाऊन बसलो, ऑर्लिननं सुरी घेतली आणि कोणाला कुठला तुकडा आवडतो ते प्रत्येकाला विचारत विचारत वाढायला लागला. खिडकीतून मला बर्निसची गाडी दिसली. आमच्या घरासमोर ती हळू झाली, जवळजवळ थांबलीच. शेपटी मागे गच्च भरलेली होती, आणि पुढच्या रांगेत ते बोटभर पीस एकटंच उभं होतं.