आधी लिही, मग खेळ

मीच बोलतोय, टोपणावर दातांचे व्रण असलेला निळ्या शाईचा पेन. दात माझ्या मालकाचे. लिओनिद तारासिन, रशियन ग्रँडमास्टर. बुद्धिबळात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस चाल सुचेपर्यंत माझं टोपण चावत बसतो!

माझा जन्म लेनिनग्राडच्या कारखान्यातला. लिओनिद चौदा वर्षांचा असताना त्याच्या गुरूंनी मला त्याच्या हाती दिलं आणि बजावलं, "आधी चाल कागदावर लिही. पेन खाली ठेव. पटाकडे नव्यानं बघ. मगच सोंगटीला हात लाव."

या सवयीनं आम्हाला तारलं. रीगा, तिबिलिसी, बेलग्रेड... मी लिहायचो, तो थबकायचा, त्याला चूक दिसायची आणि लिहिलेलं खोडायचा. त्या खाडाखोडीवरच तो ग्रँडमास्टर झाला. मी मात्र त्याच्या शर्टाच्या खिशावरच्या डागांसाठी शिव्या खाल्ल्या.

वीसेक वर्षांपूर्वी नियम फिरला. आधी खेळायचं, मग लिहायचं. आधी लिहिणं म्हणजे म्हणे टिपणं बघून खेळणं! मला त्याचा अजून राग येतो. लिओनिदनं नियम मानला, पण जित्याची खोड! वेळ संपत आला की त्याचा हात आपसूक माझ्याकडे वळायचा.

गेल्या रविवारी आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये त्याच्या शेवटच्या स्पर्धेतला शेवटचा डाव होता. बरोबरी झाली तरी करंडक त्याचा, आणि मग कायमची निवृत्ती. समोर होती पुण्याची केतकी, इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्या डावात तो दोनदा आधी लिहून बसला. पंच गिरीश वाकून म्हणाला, "सॉरी सर. आता पुन्हा झालं तर डाव गेला."

घड्याळात चार मिनिटं उरली. केतकीचं एक प्यादं फुकट मिळत होतं, लिओनिदचा हत्ती ते मारू शकत होता. पण हत्ती हलला की राजाची शेवटची रांग मोकळी, तिचा वजीर आत आणि मात! अठ्ठेचाळीस वर्षं चाली लिहिल्यावर मलाही एवढं कळतं. त्याला ते दिसेना.

माझं टोपण निघालं. गिरीश मागे येऊन उभा राहिला. मी लिहिलं तर नियमानं मरण, नाही लिहिलं तर वजिरानं. माझा जीव टांगणीला लागला.

मी शाई रोखून धरली.

निब कागदावर कोरडीच खरखरली. त्यानं मला झटकलं, पुन्हा टेकवलं. काहीच उमटेना. त्या चालीची जागा कोरीच, त्यामुळे गिरीशला बोलता येईना. वैतागून लिओनिदनं मला खाली ठेवलं आणि जुन्या सवयीनं पटाकडे नव्यानं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. हत्ती जागीच ठेवून त्यानं राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

डाव बरोबरीत सुटला. सही करायला त्यानं केतकीचं बॉलपेन मागून घेतलं. मग मला तिच्या हातात ठेवत म्हणाला, "हा संपला, माझ्यासारखाच. राहू दे तुझ्याकडे आठवण." करंडक काखेत घेऊन तो गेला. त्यानं मागे वळून बघितलंही नाही. मला फार लागलं ते.

गिरीश धावत आला. "केतकी, ग्रँडमास्टरशी ड्रॉ काढलास! एकदम ग्रँड!"

केतकीनं सहज कागदाच्या मागच्या बाजूला मला टेकवून एक रेघ ओढली. रोखलेली शाई भळाभळा वाहिली.

"अरे, हे तर मस्त चालतंय! चल ना, देऊन येऊ त्यांना!"

दोघं दारापर्यंत पळाली, तोवर त्याची टॅक्सी निघून गेली होती.

आता मी केतकीच्या लॅपटॉपच्या बॅगेत असतो. तुम्हाला तो म्हातारा कुठे भेटलाच, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, त्या दिवशी तुझा पेन संपला नव्हता. तू पुन्हा एकदा पटाकडे बघावंस म्हणून तो मुद्दाम अडला होता.